न विचारणाऱ्यासाठी पाटी

सकाळी ६

जूनमध्ये जर्मनीतल्या गेर्लिंगेनला सहा वाजता लख्ख उजाडलेलं असतं. खडकीत तेव्हा साडेनऊ झालेले असतात. बाबा फिरून आलेले असतात, त्यांचा दुसरा चहा झालेला असतो, म्हणून आमचा फोन याच वेळी. अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण घर अजून खडकीतच आहे.

"अगं, काल पुन्हा एक गाडी थांबली," ते म्हणाले. "सांगलीकडची मंडळी. म्हातारा-म्हातारी, नातवंडं, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. पॅराप्लेजिक कुठे म्हणून विचारत होती. मोबाईलने थेट बाजारात आणून सोडलेलं."

"मग?"

"मग काय? बसलो पुढच्या सीटवर आणि फाटकापर्यंत सोडून आलो. चालत परत यायला वेळ लागला, म्हणून तुझी आई चिडली."

खडकीत त्या जागेला सगळे नुसतं 'पॅराप्लेजिक' म्हणतात. पार्क रोडवरचं हे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचं, काहींचं मानेखालचंही शरीर लुळं पडलेले जवान तिथे असतात. उपचार करून घरी पाठवायचं, असं ते इस्पितळ नाही. हे जवान तिथे राहतात, काम शिकतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. हात चालत नाहीत त्यांच्यातले काही तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. देशात असंच दुसरं केंद्र पंजाबात मोहालीला आहे. शाळेत असताना आम्हाला रक्षाबंधनाला तिथे नेत. मी ज्यांना राखी बांधली त्यांचा हात मनगटापासून पुढे वळत नव्हता. त्यांनी कोपर उचलून हात माझ्यासमोर धरला आणि गाठ नीट बसली का, हे वाकून पाहिलं. ते कोपर मला अजून दिसतं.

सकाळी ७.१५

ऑफिस शेजारच्या लिओनबर्गला. बॅटरीच्या सायकलवरून टेकडी ओलांडायची. वर शिलरहोए, तिथे बॉशचं मुख्यालय. नाशिकला ज्यांचे वडील किंवा काका 'मायको'त, म्हणजे बॉशच्याच कंपनीत, होते त्यांना हे नाव घरातलं वाटेल. पुण्या-नाशिकची बरीच मराठी पोरं या टेकडीच्या आसपास नोकरी करतात. पलीकडच्या स्टुटगार्टचं आणि मुंबईचं १९६८ पासून भगिनी-शहरांचं नातं आहे.

टेकडीच्या पोटातून महामार्ग जातो, एंगेलबर्गचा बोगदा. आताचा रुंद बोगदा १९९९ चा. त्याच्या आधीचा १९३८ चा, जर्मनीतल्या ऑटोबानवरचा पहिला. १९४४ मध्ये त्या जुन्या बोगद्यात विमानाचा कारखाना घातला गेला आणि लिओनबर्गच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून मेसरश्मिट विमानांचे पंख बनवून घेतले गेले. लिओनबर्गच्या बाजूला त्या कैद्यांचं स्मारक आहे. सैनिकाचं नाव रस्त्यावर लिहिताना हा देश इतका का अडखळतो, हे मला पुस्तकातून कळण्याआधी या उतारावर कळलं.

सकाळी ८.३०

माझं काम पाट्यांचं. गाडीच्या पुढच्या काचेमागे एक कॅमेरा असतो, तो रस्त्याकडेच्या पाट्या वाचतो. तो बरोबर वाचतो की नाही, हे आम्ही तपासतो. ७ जुलै २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा असलीच पाहिजे असा कायदा आहे, त्यामुळे या कामाला मरण नाही. ताशी १३० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ३६ मीटर जाते. पाटी दूर असताना कॅमेऱ्याच्या चित्रात तिचा नुसता ठिपका असतो, वाचण्याजोगी होते तोवर ती बाजूने निघूनही जाते. मधल्या दोन-तीन सेकंदांत कॅमेऱ्याला आकार, रंग, आकडा सगळं ठरवावं लागतं. आणि माणसालाही.

सकाळचे पहिले दोन तास आदल्या दिवशीच्या चुकांचे. पावसात ५० चा ६० वाचला, ट्रकच्या पाठीवर चिकटवलेली ८० ची गोल चकती रस्त्याची वेगमर्यादा समजली, अशा. हे रोजचंच.

सकाळी १०.३०

आजची वेगळी चूक अशी: कॅमेऱ्याने एका पुलापाशी ताशी १०० ची मर्यादा वाचली. रस्ता गावातला, मर्यादा ५० ची. चित्र मोठं करून पाहिलं. पिवळी गोल पाटी, काळी किनार, मध्ये उभी रेघ. रेघेच्या डावीकडे दोन बाण, एक खाली, एक वर; उजवीकडे वर जाणारा एकच बाण; प्रत्येक बाजूला आकडा. पिवळा रंग उन्हाने उडून साबुदाण्याच्या खिचडीसारखा फिका झालेला, खालच्या कडेला शेवाळ.

ही सैन्याची पाटी. शीतयुद्धात पश्चिम जर्मनीतल्या पुलांवर अशा पाट्या लावल्या गेल्या. या पुलावरून किती वजनाचा रणगाडा जाऊ शकतो, समोरून दुसरा येत असताना किती आणि एकटा असेल तर किती, हे त्या सांगतात. २००९ पासून नव्या लावत नाहीत, पण जुन्या ठिकठिकाणी उभ्या आहेत. मी नोंद केली, 'वेगमर्यादा नाही' असा शेरा मारला, आणि तरी चित्र बंद करवेना. नेमून दिलेल्या भागातले सगळे रस्ते पाहिले तर सैनिकाच्या संदर्भातल्या दोनच प्रकारच्या पाट्या सापडतात. एक ही रणगाड्याची. दुसरी युद्धातल्या कबरींकडे नेणारी, पाच क्रूस काढलेली. सैन्याचं वजन पेलणारा पूल दाखवलेला आहे आणि मेलेला सैनिक कुठे पुरला तेही दाखवलेलं आहे. जखमी होऊन जिवंत राहिलेल्याकडे जाणारा बाण कुठेच नाही.

भारतातही याहून फार निराळं नाही. खडकीलाच वॉर सेमेटरी आहे. तिची निगा राखणारं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन जगभर आपल्या दफनभूमींसाठी स्वतःचे दिशादर्शक फलक लावतं, आणि ते योग्यच आहे. कबर कितीही जुनी झाली तरी तिथे नातवाने, पणतवाने पोचायला हवं. मग जो अजून खुर्चीत बसून दाराकडे बघतो आहे त्याच्यापर्यंतही कुणी पोचायला नको का?

दुपारी १२.३०

कँटीनमध्ये आज मसूर आणि श्पेट्झले, म्हणजे इकडच्या जाड्याभरड्या शेवया. श्वाबेन प्रांतातलं हे जेवण मला पहिल्या दिवसापासून आवडलं. आमटी-शेवई म्हणून कुणीही मराठी माणूस खाईल. टेबलावर आमच्या गटातले सर्वांत ज्येष्ठ सहकारी होते. आम्ही एकमेकांना अजूनही आडनावाने आणि आदरार्थीच हाक मारतो. मी पिवळ्या पाटीचं सांगितलं.

ते काही वर्षं अमेरिकेत होते. तिकडच्या महामार्गांवर 'माजी सैनिकांचं निवासगृह, पुढच्या फाट्याला वळा' अशा पाट्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिथे ही परंपरा जुनी. यादवी युद्ध संपत आलं तेव्हा, मार्च १८६५ मध्ये, लिंकनने अपंग स्वयंसैनिकांच्या राष्ट्रीय निवासगृहाच्या कायद्यावर सही केली. १८८८ पासून राज्यांच्या निवासगृहांना केंद्राकडून दर सैनिकामागे वर्षाला १०० डॉलर मिळू लागले. आज प्रत्येक राज्यात निदान एक तरी असं घर आहे, आणि घर आहे म्हणून महामार्गावर पाटी आहे.

"आणि तुमच्याकडे?" मी विचारलं.

त्यांनी काटा खाली ठेवला. जर्मनीतही पूर्वी होतं. फ्रेडरिक राजाने १७४८ मध्ये बर्लिनला अपंग सैनिकांसाठी घर बांधलं. तिथल्या एका मोठ्या रस्त्याला त्यावरून मिळालेलं नाव आजही आहे. आमच्या या व्युर्टेमबर्गच्या राजाने १८१७ मध्ये श्वेबिश हालजवळच्या कोम्बुर्गच्या मठात आपल्या जायबंदी सैनिकांची सोय केली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र सगळंच बदललं. १९५० च्या कायद्याने युद्धात अपंग झालेल्यांना निवृत्तिवेतन आणि उपचार मिळाले, ते पक्के मिळाले, पण त्यांच्याबद्दल बोलणं थांबलं. या सहकाऱ्यांच्या आजोबांचा एक पाय रशियात गेला होता. घरात लाकडी पाय होता, ट्राममध्ये राखीव जागा होती, दरमहा पैसे येत होते. कुणी काही विचारत नव्हतं आणि ते सांगत नव्हते. ज्या सैन्यात ते होते त्याने केलेलं पाहता कुणी काय विचारावं, हेही कुणाला कळत नव्हतं.

आता थोडं हललं आहे. अफगाणिस्तानात जर्मनीचे ५९ सैनिक मेले. तिथून सैन्य २०२१ च्या जूनमध्ये परत आलं. माजी सैनिक कुणाला म्हणायचं याची सरकारी व्याख्याच मुळी २०१८ ची. एप्रिल २०२४ मध्ये संसदेने ठराव केला आणि १५ जून २०२५ ला पहिला राष्ट्रीय माजी सैनिक दिन झाला. वेगळी निवासगृहं नाहीत. वृद्ध माजी सैनिक इतर वृद्धांसारखा गावातल्या शुश्रूषागृहात राहतो. गेर्लिंगेनसारख्या गावात अशा गृहाकडे पांढऱ्या पाटीवरचा काळा बाण नेतो. आत राहणाऱ्यांत कोण कधी कुठे लढलं, ते त्या पाटीला ठाऊक नसतं.

दुपारी २

चाचणीची गाडी घेऊन बाहेर. चालवायला दुसरा, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. लिओनबर्गच्या तिठ्यावर निळ्या पाट्यांची कमान येते. एकीकडे हाइलब्रॉन, एकीकडे कार्ल्सरूहे, एकीकडे म्युनिक.

कार्ल्सरूहेकडे वळलं की पुढे हायडेलबर्ग लागतं, इथून शंभरेक किलोमीटर. १९७२ च्या ऑलिंपिकला म्युनिकमध्ये जागा होती, पण त्याच वर्षीच्या अपंगांच्या स्पर्धांना नव्हती, कारण खेळाडूंच्या घरांची विक्री आधीच ठरली होती. म्हणून त्या हायडेलबर्गला झाल्या. तिथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून ज्याने भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक दिलं तो सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा जवान, मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं, मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार झाले. पोहणं सुरुवातीला उपचार म्हणूनच होतं. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये. २०२४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, त्यानंतर त्यांचं नाव पोराटोरांना कळलं. १९७२ पासून २०१८ म्हणजे शेहेचाळीस वर्षं. मला त्याचा राग येतो, आणि तो राग कमी करून सांगण्याचं काही कारण दिसत नाही.

या स्पर्धांचं मूळही सैनिकांच्या वॉर्डातच आहे. लुडविग गुटमन हा जर्मन ज्यू डॉक्टर १९३९ मध्ये जीव वाचवून इंग्लंडला गेला. १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात त्याच्याकडे कण्याला जखम झालेल्या सैनिकांचा विभाग आला. असे रुग्ण तोवर पलंगावर पडून, पाठीला जखमा होऊन मरत. त्याने त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावलं, बसतं केलं, खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं, त्याच दिवशी त्याने आपल्या रुग्णालयात सोळा जणांची तिरंदाजी घेतली. पॅरालिंपिक तिथून सुरू झालं.

आम्ही मात्र म्युनिकच्या दिशेने गेलो. विमानतळाजवळ प्रदर्शन केंद्राचा वाहनतळ महामार्गावर पुलासारखा आडवा पसरला आहे, त्याखाली उजेड एकदम बदलतो आणि कॅमेरा हमखास गडबडतो. त्याच्यासाठीच ही फेरी. पुढे टेक किल्ल्याची डोंगरधार दिसते. १९८४ मध्ये जर्मनीतली पहिली तपकिरी पर्यटन-पाटी याच रस्त्यावर, याच किल्ल्यासाठी उभी राहिली. आज अशा पाट्या देशभर आहेत. त्या कुणी अर्ज केल्यावर लागतात आणि खर्च अर्जदार करतो, म्हणजे एखाद्या गावाने मनावर घेतलं म्हणून.

दुपारी ४.३०

परत येऊन नोंदी. पुढच्या टप्प्यात कॅमेऱ्याने गावांची नावं असलेल्या पाट्याही वाचायच्या आहेत, म्हणून जर्मन नियमपुस्तक उघडलं. त्यातला सलगतेचा नियम मला फार आवडतो. एखादं नाव एकदा पाटीवर आलं की ते ठिकाण येईपर्यंत पुढच्या प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक चौकात ते पुन्हा आलंच पाहिजे. मध्येच गाळायचं नाही. ज्याला पहिल्या पाटीने वळवलं त्याला शेवटच्या वळणापर्यंत एकटं सोडायचं नाही, एवढी साधी जबाबदारी.

जवानांच्या बाबतीत आपण हाच नियम मोडतो. युद्ध चालू असताना नाव मोठ्या अक्षरांत असतं. पदक देताना असतं. पुढच्या चौकात ते गळतं, त्याच्या पुढच्या चौकात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढणाऱ्या बायकोला रस्ता विचारावा लागतो.

महाराष्ट्रात ही सलगता ज्यांनी राखली ती गावं आहेत. साताऱ्याजवळ, नागठाण्याच्या पुढे, अपशिंगे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. घरटी माणूस सैन्यात म्हणून गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलं गेलं. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. तिथे एसटीच्या पाटीवरही सैनिक असतो, आणि कुणी न सांगता वाटसरूला कळतं की आपण कुणाच्या गावातून जातो आहोत.

संध्याकाळी ५.३०

निघताना एक तरुण सहकारी म्हणाला, "पण नावांच्या पाट्या आता वाचतो कोण? सगळे मोबाईलवरच जातात." प्रश्न खरा आहे. त्यावर मी दिवसभर मनात जुळवलेलं उत्तर त्याला दिलं.

नकाशा विचारणाऱ्यालाच सांगतो. पॅराप्लेजिक शोधायला निघालेली सांगलीची मंडळी उशिरा का होईना पोचणारच, खडकीत बाबांसारखी माणसं आहेत. पण मुंबईहून जुन्या रस्त्याने येणारी, पिंपरी सोडून दापोडीच्या हॅरिस पुलावरून मुळा ओलांडणारी हजारो माणसं हे विचारायला निघालेलीच नसतात. पुलापलीकडे दोन पावलांवर असे जवान राहतात हे त्यांना माहीतच नसतं. मागच्या सीटवरची मुलगी मोठ्याने पाट्या वाचत असते. तिने एक नाव वाचलं, "हे काय असतं, बाबा?" म्हटलं, की त्या गाडीत पाच मिनिटं तेच बोलणं होतं. हे काम कुठलाही नकाशा करत नाही. म्हणून पाटी हवी.

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग ती कॅमेऱ्यालाही वाचता आली पाहिजे." उद्याच्या कामाच्या यादीत आम्ही ते घातलं.

रात्री ८.३०

बाहेर अजून ऊन आहे. भात, वरण, कोपऱ्यावरच्या शेतातल्या टपरीवरून आणलेल्या स्ट्रॉबेऱ्या. मग खडकीतल्या पाट्यांसाठी पत्रं लिहायला बसले, कारण बाबांनी गाडीत बसून किती जणांना फाटकापर्यंत सोडावं?

वाचकहो, हे तुम्हीही करू शकता. पुण्याला आलात तर आधी फोन करून खडकीच्या केंद्रात एक सकाळ जा, मुलांना घेऊन जा. १९१७ पासून अपंग जवानांना हातात काम देणारी क्वीन मेरीज तंत्रसंस्थाही खडकीतच आहे, आणि १९४४ पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र पुण्यातच. जाताना प्रत्येक वळणावर पाहा, पाटी आहे का, असली तर वाचता येते का, आणि पुढच्या चौकात तेच नाव पुन्हा येतं का. जिथे साखळी तुटते तिथला फोटो काढा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरणाला, राज्याचा रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाला, शहरातला चौक असेल तर महापालिकेला आणि खडकीच्या हद्दीत असेल तर कटक मंडळाला लिहा. रस्ते-फलकांची भारतीय संहिता आयआरसी ६७ आहे, तिचा उल्लेख करा. पत्रात चौकाचं नाव, कुठल्या बाजूने येताना पाटी लागते आणि फाटकापर्यंत किती वळणं आहेत, हे स्पष्ट लिहा. पोच मागून घ्या, आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा.